पुण्याला लघवी पाठवण्याआधी

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. आमची खानापूर तालुक्यात भातशेती आहे. आप्पांचं वय ५८. लावणी चालू असताना बांधावर पाय ठेवला आणि घोणस चावली. आधी गावातल्या औषधवाल्याकडं नेलं, त्यात तीन तास गेले. मग बेळगावला आणलं. सापाच्या इंजेक्शनच्या बाटल्या चढवल्या, जीव वाचला, पण दुसऱ्या दिवसापासून लघवी बंद झाली. आज २४ वा दिवस. आठवड्याला तीन असे आतापर्यंत दहा डायलिसिस झाले. आता आप्पा घरी आहेत, डायलिसिसपुरतं बेळगावला नेतो. पहिल्या आठवड्यात दिवसाला अर्धा कप लघवी व्हायची, आता दोन पेले होते. क्रिएटिनिन कधी ६ येतं, कधी ४. काही कळत नाही.

माझा चुलतभाऊ पुण्यात लॅबमध्ये आहे. तो म्हणतो, एनजीएएल नावाची लघवीची तपासणी असते, किडनी परत येणार की नाही ते ती सांगते. बर्फाच्या डब्यात नमुना पाठवून दे म्हणतो. माझा भाऊ म्हणतो, ती वाईट आली तर थांबायचं नाही, वरचं रान विकून किडनी बदलायच्या तयारीला लागू. आई किडनी द्यायला तयार आहे. ही तपासणी करू का? आम्ही उशीर केला म्हणून हे झालं का? आणि चतुर्थीला आप्पांना गणपतीपुढं बसता येईल का?

एक लेक, खानापूर तालुका

ताई,

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून सांगतो. नमुना पुण्याला पाठवू नका. रान विकू नका. भाऊ पत्र वाचायला बसला असेल तर त्याला ही दोन वाक्यं मोठ्यानं वाचून दाखवा.

चुलतभावाला दोष देऊ नका. त्यानं सांगितलेली तपासणी खरी आहे आणि त्यामागचं शास्त्रही पक्कं आहे. फक्त ती ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न आप्पांच्या बाबतीत तीन आठवड्यांपूर्वीच मागं पडला. हे नीट उलगडून सांगतो, कारण आज एनजीएएल आहे, उद्या दुसरं कोणी दुसरं नाव घेऊन येईल.

घोणशीचं विष रक्तात उतरलं की रक्त गोठवणारे घटक खर्ची पडतात. म्हणून दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवतात आणि गोठतं का ते बघतात. त्याच वेळी किडनीच्या बारीक नळ्यांवर चहूबाजूंनी मार बसतो. रक्तदाब घसरतो, तांबड्या पेशी फुटून त्यांचा रंग नळ्यांत उतरतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, आणि विष स्वतःही पेशींना जाळतं. नळ्यांचं अस्तर सोलून निघतं आणि लघवी थांबते.

तुम्ही भात लावणारी माणसं, म्हणून तुमच्याच शिवारातलं सांगतो. मोठा पूर आला आणि लावलेलं रोप वाहून गेलं, पण माती आणि बांध जागेवर असले, तर पुन्हा लावणी करता येते. किडनीच्या नळ्यांचं असंच आहे. अस्तराच्या पेशी मेल्या तरी ज्या पातळ पडद्यावर त्या उभ्या असतात तो शाबूत असेल तर उरलेल्या पेशी वाढतात, पसरतात, नळी पुन्हा भरून येते. त्याला आठवडे लागतात. घोणस चावलेल्या बऱ्याच रुग्णांत एवढंच झालेलं असतं. काही थोड्यांत मात्र गुठळ्यांमुळं किडनीचा बाहेरचा थरच रक्ताविना मरतो, म्हणजे मातीच खरवडून जाते. तिथं पुन्हा काही उगवणं अवघड. तेही कधी कधी तुकड्यातुकड्यांनीच झालेलं असतं आणि उरलेल्या भागावर माणूस डायलिसिसशिवाय चालतो.

आप्पांची माती उरली आहे का, हा तुमचा खरा प्रश्न. आता एनजीएएल काय सांगते ते पाहा.

नळ्यांच्या पेशी दुखावल्या की काही प्रथिनं लघवीत सोडतात. एनजीएएल त्यातलंच एक. २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ७१ मुलांचा अभ्यास आला. सगळ्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं होतं. ज्यांच्या किडनीला पुढं इजा झाली त्यांच्या लघवीत हे प्रथिन ऑपरेशननंतर २ तासांतच चढलेलं दिसलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून काढून टाकते तो कचरा, वाढायला एक ते तीन दिवस लागले. आम्हा डॉक्टरांसाठी ही मोठी गोष्ट होती. तोवर क्रिएटिनिन वाढेपर्यंत हात बांधून बसायचो, म्हणजे नुकसान होऊन गेल्यावर कळायचं. पुढं टिम्प-२ आणि आयजीएफबीपी-७ या दोन प्रथिनांची जोडतपासणी आली. अमेरिकेच्या औषध नियामकानं तिला २०१४ मध्ये मान्यता दिली. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला येत्या १२ तासांत किडनीची मध्यम किंवा गंभीर इजा होईल का, एवढाच तिचा प्रश्न. घोणस चावलेल्या रुग्णांवरही श्रीलंकेत अशा प्रथिनांचा अभ्यास झाला आहे. तोही चावल्यानंतरच्या सुरुवातीच्या तासांचा, इजा लवकर ओळखण्यासाठी.

म्हणजे एनजीएएल ही पूर आल्याची हाळी आहे. रोप वाहून जातंय हे ती सगळ्यांआधी सांगते. पूर ओसरल्यावर माती किती उरली, हे तिला सांगता येत नाही.

आणखी एक अडचण आहे, आणि आप्पांच्या बाबतीत ती मोठी आहे. हे प्रथिन पांढऱ्या पेशींतूनही निघतं. लघवीत जंतुसंसर्ग असेल, लघवीच्या जागी आठवडाभर नळी घातलेली असेल, अंगात कुठंही मोठा संसर्ग असेल तर किडनी सुधारत असतानाही आकडा चढलेला दिसू शकतो. आप्पांना नळी होती का, ते तुम्ही लिहिलं नाही, पण लघवी बंद झालेल्या रुग्णाला दवाखान्यात ती बहुतेक वेळा घालतात. विचार करा. पुण्याहून मोठा आकडा आला, भावानं तो पाहिला, आणि रानाचा सौदा झाला. आकडा फुगला होता लघवीतल्या पूमुळं. या भीतीनंच हे पत्र मी इतर पत्रांच्या आधी घेतलं.

किडनी सुधारेल का, हे विचारणाऱ्या तपासण्यांवरही काम झालं आहे, त्याबद्दल न सांगणं योग्य होणार नाही. सीसीएल-१४ नावाचं एक प्रथिन आहे. २०२० मध्ये त्यावरचा अभ्यास छापून आला. किडनीची गंभीर इजा झालेले अतिदक्षता विभागातले ३३१ रुग्ण घेतले होते. त्यातल्या ११० जणांची, म्हणजे तिघांतल्या एकाची, गंभीर इजा ७२ तास किंवा त्याहून जास्त टिकली. कोणाची टिकेल हे या तपासणीनं बऱ्यापैकी ओळखलं. एक टिकणारा आणि एक न टिकणारा रुग्ण अशा १०० जोड्या लावल्या, तर ८३ जोड्यांत टिकणाऱ्याचा आकडा मोठा निघेल, इतकी तिची पारख. चांगली आहे. पण प्रश्न ७२ तासांचा आहे. आप्पांनी त्याचं उत्तर २४ दिवस डायलिसिस घेऊन स्वतःच्या अंगानं दिलं आहे. त्यांची इजा टिकणारी आहे हे कळायला आता यंत्र नको.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारा अभ्यास २०११ चा आहे. डायलिसिसवर असलेले ७६ रुग्ण, आणि पहिल्या दिवशी, ७ व्या दिवशी, १४ व्या दिवशी घेतलेली लघवी. ज्यांचं एनजीएएल या दोन आठवड्यांत उतरत गेलं त्यांची किडनी परत येण्याची शक्यता जास्त निघाली. यातली शिकवण एकच घ्या. अर्थ उतरत जाण्याला आहे, एकट्या आकड्याला नाही. आप्पांचा पहिल्या दिवसाचा नमुना कोणी जपून ठेवलेला नाही, तेव्हा आजचा आकडा कशाशी ताडून बघणार?

आता उत्तर कुठं आहे ते सांगतो. ते तुमच्या पत्रातच आहे. पहिल्या आठवड्यात अर्धा कप आणि आता दोन पेले, असं तुम्ही सहज लिहून पुढं गेलात. मी तिथंच थांबलो. कुठल्याही प्रथिनाआधी मी हे वाक्य वाचीन. किडनी जागी होते तेव्हा आधी लघवीचं प्रमाण वाढतं, रक्त शुद्ध करण्याचं काम त्यामागून सुधारतं.

पण पेला कुठला? तुमच्याकडचा स्टीलचा पेला आणि चहाचा काचेचा ग्लास यांत दुपटीचा फरक पडतो. म्हणून पुण्याच्या कुरिअरचे पैसे वाचवून खुणा असलेलं प्लास्टिकचं मापाचं भांडं आणा. बेळगावात कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात मिळतं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी मापायची, अगदी दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या लघवीसकट. शौचाला गेल्यावर होणारी लघवी हमखास विसरते, तिच्यासाठी वेगळं भांडं हाताशी ठेवा. वहीत तारीख, एकूण मिली, सकाळचं वजन, रक्तदाब, आणि त्या दिवशी डायलिसिस होता की नाही, एवढं रोज लिहा. लघवी वाढवायची गोळी चालू असेल तर तेही लिहा, कारण गोळीनं आलेली आणि आपोआप आलेली लघवी सारखी मोजता येत नाही. गोळीशिवाय दिवसाला ४०० मिलीच्या वर लघवी होऊ लागली की डायलिसिस सोडवता येईल का, हा विचार डॉक्टर करू लागतात. तुमचे दोन पेले त्याच उंबरठ्यावर असू शकतात.

डायलिसिसला गेलात की सिस्टर कानडीत विचारते, 'यूरिन एष्टायतु?', म्हणजे लघवी किती झाली? आपली माणसं हातानंच दाखवतात, एवढीशी, तेवढीशी. उद्यापासून वही पुढं करा. भाषेचा अडसर उरणार नाही आणि डॉक्टरांना आठवड्याची चाल एका नजरेत दिसेल.

क्रिएटिनिन कधी ६, कधी ४ यानं तुम्ही घाबरलात. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण तो आकडा असा वाचायचाही नसतो. डायलिसिस झाल्यावर घेतलेलं क्रिएटिनिन हे यंत्राचं काम आहे, किडनीचं नाही. प्रत्येक रिपोर्टवर पेननं लिहा, डायलिसिसआधी की नंतर. मग एका डायलिसिसनंतरचा आकडा आणि पुढच्या डायलिसिसच्या आधीचा आकडा यांतली चढ बघा. किडनी अजिबात चालत नसेल तर मध्यम बांध्याच्या माणसाचं क्रिएटिनिन दिवसाला साधारण १ ते १.५ नं चढतं. चढ दर खेपेला कमी होत गेली तर मधल्या दिवसांत कोणीतरी काम करतंय, आणि ते कोणी म्हणजे आप्पांची किडनी. यातही एक सावधगिरी ठेवा. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. तीन आठवडे अंथरुणावर पडलेल्या माणसाचे दंड-मांड्या वाळतात आणि त्यामुळंही आकडा कमी दिसतो. म्हणून लघवीची वही आणि ही चढ, दोन्ही एकाच दिशेनं जाताहेत ना, ते बघायचं.

तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा, आणि बिनधास्त विचारा. पहिली, दोन डायलिसिसच्या मधल्या लघवीतलं आणि रक्तातलं क्रिएटिनिन मोजून किडनी मिनिटाला किती मिलीलिटर रक्त साफ करते, हे काढता येईल का? २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६ तासांची लघवी जमवून हेच काढायचे. आकडा २० च्या वर गेला की डायलिसिस थांबवायचे, १२ च्या खाली असला की चालू ठेवायचे, आणि मधल्या रुग्णांचं डॉक्टर बघून ठरवायचे. साधं गणित आहे, तालुक्याच्या लॅबमध्ये होईल. दुसरी गोष्ट, ताज्या लघवीचा थेंब अनुभवी डोळ्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे का? मेलेल्या अस्तराचे तपकिरी, चिखलासारखे साचे तिथं दिसतात. पुढं ते कमी होत गेले तर समाधान वाटतं. ही तपासणी सगळ्यात स्वस्त आहे आणि हल्ली सगळ्यात जास्त विसरली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिसरी गोष्ट, येत्या एक-दोन आठवड्यांत लघवी आहे तिथंच अडकली किंवा कमी झाली तर बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं, करायची का? माती उरली का, याचं थेट उत्तर किडनीचा तेवढा तुकडाच देतो. रक्त व्यवस्थित गोठायला लागलंय याची खात्री करूनच ती करतात. आज लघवी वाढत असताना तिची घाई मी तरी करणार नाही.

रानाबद्दल आता थोडं सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या मनाला लागलेला आहे. मी तरुण असताना याच सीमाभागातल्या एका दवाखान्यात काम करायचो. एका शेतमजुराला घोणस चावली होती. २० व्या दिवशी त्याच्या घरच्यांना मी सांगितलं, आता किडनी गेली, पुढची सोय बघा. मला ठामपणा दाखवायचा होता. त्यांनी त्याच आठवड्यात बैलजोडी विकली. ६ व्या आठवड्यात त्या माणसाला लघवी सुटली. १० व्या आठवड्यात तो डायलिसिसशिवाय बसनं तपासणीला आला, माझ्या पाया पडला, आणि बैल गेले म्हणाला. मी त्याला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. त्याच्या मुलाचा चेहरा आठवतो. तेव्हापासून ९० दिवसांच्या आत 'गेली' हा शब्द मी कोणाच्या किडनीबद्दल वापरलेला नाही.

९० हा आकडा माझा नव्हे. जगभरातल्या किडनीतज्ज्ञांनी २०१७ मध्ये एकमतानं मांडलेली विभागणी अशी आहे. पहिले ७ दिवस ही अचानक झालेली इजा. ७ ते ९० दिवस हा भरून येण्याचा किंवा बिघडण्याचा काळ. ९० दिवसांनंतरही काम कमीच राहिलं तर तो कायमचा आजार. आप्पांचा २४ वा दिवस आहे, म्हणजे अजून ६६ दिवस हातात आहेत. त्यानंतरही काहींची किडनी उशिरानं हळूहळू काम करू लागते. स्वतःची किडनी परत येण्याची आशा असताना जबाबदार डॉक्टर प्रत्यारोपणाचं नाव घेणार नाही. आईची तयारी मोठ्या मनाची आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. पण आज त्यांच्या तपासण्या सुरू करायचं काहीच कारण नाही.

हातातली कायमची जोडणी, ज्याला फिस्टुला म्हणतात, तीही इतक्यात नको. मात्र डावा हात जपा. आप्पा उजव्या हातानं काम करतात असं धरून सांगतो, डाव्या हाताला सुई, सलाईन, रक्त काढणं, काहीही करू देऊ नका. जोडणीची वेळ आलीच तर त्या शिरा लागतील, नाही आली तर काही बिघडत नाही.

हे दिवस किडनीला पुन्हा मार बसू न देण्याचे आहेत. डायलिसिस चालू असताना रक्तदाब पडतो का, आप्पांना घाम फुटतो का, पोटऱ्यांत गोळे येतात का, याकडं लक्ष ठेवा. आता त्यांची लघवी वाढली आहे, तर यंत्रानं पूर्वीइतकं पाणी काढायची गरज कदाचित उरली नसेल. टेक्निशियनला आणि डॉक्टरांना सकाळचं वजन आणि कालची लघवी सांगून विचारा, आज किती काढणार? प्रत्येक वेळी रक्तदाब कोसळला की नवी उगवलेली रोपं पुन्हा झोपतात. अंगदुखीची इंजेक्शनं आणि गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे, घरात नकोतच. कोणीही नवं अँटिबायोटिक लिहिलं किंवा रंग टोचून सीटी स्कॅन करायला सांगितलं तर आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा. काढा नको, भस्म नको. आणि भेटायला येणारी माणसं प्रेमानं शहाळं घेऊन येतील, ते मुलांना द्या. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. ज्याची लघवी पुरती सुटलेली नाही अशा माणसाचं हृदय ते थांबवू शकतं. मानेतल्या नळीचा डायलिसिस असेल आणि थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री निघायचं.

पुढं एक टप्पा असा येऊ शकतो की लघवी एकदम फार होऊ लागते, दिवसाला तीन-चार लिटर. घरचे खूश होतात आणि तिथंच गफलत होते. अस्तर नवं असतं, त्याला अजून पाणी आणि क्षार धरून ठेवता येत नाहीत. तेव्हा पाण्यावरची बंधनं तशीच ठेवली तर अंग कोरडं पडतं आणि किडनीला पुन्हा इजा होते. वहीत २ लिटरच्या वर आकडा दिसला की त्याच दिवशी फोन करून पाणी आणि मीठ किती द्यायचं ते विचारून घ्या.

डायलिसिस सुटला म्हणजे काम संपलं असं नाही. तिसऱ्या महिन्यात रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण बघायचं. ही शेवटची तपासणी नक्की करा. अशा इजेतून उठलेल्या रुग्णांवरच्या २०२० मधल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन महिन्यांनी मोजलेल्या याच प्रमाणावरून कोणाची किडनी पुढं खराब होत जाईल हे चांगलं ओळखता आलं. लघवीच्या तपासणीवर भविष्य वाचायचंच असेल तर ते या तपासणीवर वाचा. ती जवळच्या लॅबमध्ये थोडक्या पैशांत होते. स्नायू वाळल्यामुळं क्रिएटिनिनवर भरवसा कमी वाटला तर सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी एकदा करून घेता येईल.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. बीपीएल कार्ड असेल तर जिल्हा रुग्णालयात २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून मोफत डायलिसिसची सोय आहे. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्डही काढून ठेवा. कधी कोल्हापूर-मिरजेकडं जायची वेळ आलीच तर तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेबद्दल विचारा. महाराष्ट्रानं ८६५ सीमागावांसाठी ती लागू करायचं २०२३ मध्ये ठरवलं होतं, त्या यादीत तुमचं गाव आहे का ते तिथं कळेल. बसभाड्यापायी एकही डायलिसिस चुकता कामा नये.

उशिराचं विचारलंत. खोटं सांगणार नाही. सापाच्या विषावरचं औषध जितकं लवकर मिळेल तितकी किडनीची इजा टळण्याची शक्यता जास्त, आणि तीन तास कमी नव्हेत. पण वेळेत औषध मिळालेल्यांचीही किडनी थांबलेली मी पाहिली आहे. आप्पांच्या बाबतीत काय झालं असतं, हे कोणालाच सांगता येणार नाही. तुम्ही त्यांना उचलून नेलंत आणि ते जिवंत आहेत. औषधवाल्याशी भांडत बसू नका. त्याच्याकडं जाऊन शांतपणे सांगा, पुढचा माणूस आला तर हात न लावता लगेच दवाखान्यात पाठव. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच औषध चालतं. साप मारून आणायची किंवा ओळखायची गरज नाही. करकचून काही बांधायचं नाही, चिरायचं नाही, ज्या पायाला चावलं तो हलू द्यायचा नाही. लावणीचे दिवस अजून सरलेले नाहीत. बांधावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायात गमबूट आणि संध्याकाळी हातात बॅटरी असू द्या, भावाच्याही.

दोन आठवड्यांनी वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा. बायोप्सीचं काय करायचं, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलताना काय विचारावं ते मी त्यावरून लिहीन.

चतुर्थीचं राहिलं. बसता येईल की. नळी मानेत असेल तर तिच्यावर पाणी पडू देऊ नका आणि आरतीच्या गर्दीत धक्का लागू देऊ नका. पंचखाद्यातलं खोबरं-खारीक आणि केळ्याचा प्रसाद आप्पांच्या हातावर ठेवायच्या आधी त्या आठवड्याचं पोटॅशियम किती आलं ते बघा. मोदक एखादा चालेल. आणि चतुर्थी नेमकी डायलिसिसच्या वारी आली तर आधीच्या दिवसाची वेळ मागून घ्या. सणात यंत्रांवर गर्दी असते, तेव्हा हे या आठवड्यातच विचारून ठेवा.